काचेवरची लव

"श्वास सोड," मिरोन म्हणाला आणि लोकरी शालीचं टोक त्याने ओरिस्लावाच्या पाठीमागून ओढून घेतलं. "सोड म्हणतोय ना. फोटो काढून घ्यायला उभी आहेस का?"

ओरिस्लावाने श्वास सोडला. तिच्या उघड्या पोटावर चार चपट्या डब्या एकीला एक लागून बसल्या होत्या. झाकणांच्या कडा चिकटपट्टीने बंद केलेल्या. शालीचे वेढे घट्ट झाले तशा त्या कातडीत रुतल्या.

"वाकू नकोस. घसरू नकोस. आणि कुणी विनोद केला तर हसू नकोस, पाणी डचमळेल."

"आज कोण विनोद करणार आहे, मिरोन?"

"मी करतोच आहे की मघापासून," तो म्हणाला. त्याने गाठ मारली, तिचा स्वेटर खाली ओढला, कोट पुढे धरला. हृदयाच्या दुखण्यामुळे त्याला चढ चढायला मनाई होती. नाहीतर तोच गेला असता. त्याची गाडी खाली अंगणात बॅटरी उतरून पडली होती.

वीजकेंद्रांवर क्षेपणास्त्रं पडू लागल्यापासून ल्वीवमध्ये वीज येत-जात होतीच. सकाळी ती गेली, आणि दुपार झाली तरी आली नाही. प्रयोगशाळेतल्या बॅटऱ्या संपल्या. फोनचे मनोरेही बंद पडले होते. इन्क्युबेटरच्या दारावरचा तापमानाचा आकडा खाली सरकू लागला तसं दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मिरोनने मुकाट्याने स्वतःच्या गळ्यातली शाल काढली. शहराच्या दुसऱ्या टोकाला, जळीत रुग्णांच्या इस्पितळात जनरेटर होता. तिथे नेस्तोर वाट पाहत होता. डब्यांमध्ये होती ती त्याचीच कातडी.

नेस्तोर ओरिस्लावाचा विद्यार्थी. तिच्या हाताखाली त्याने डॉक्टरेट केली, मग तिच्याच शेजारच्या टेबलावर कामाला लागला. दोघं मिळून काचेवर लव उगवत. डोळ्यांना काही दिसायचं नाही. काच काचेसारखीच दिसायची. पण तिच्यावर रसायनाच्या लांबच लांब साखळ्या एका टोकाने घट्ट रोवलेल्या असत, गालिच्याच्या लवीसारख्या दाट. शाळेतली मुलं प्रयोगशाळा बघायला आली की नेस्तोर सांगायचा, "ऊब असली की ही लव आडवी पडून झोपते. मग पेशी तिच्यावर बिनघोर बसतात, एकमेकींचा हात धरतात, कातडीचा अख्खा पापुद्रा तयार होतो. आणि गारठा लागला की ही बया पाणी पिऊन ताठ उभी राहते आणि वरच्या सगळ्यांना उठवून लावते. सुरी नको, औषध नको. पापुद्रा आपला आपण सुटतो." मग ओरिस्लावाकडे बघून म्हणायचा, "आमच्या बाई बरोब्बर उलट्या. गारठ्यात झोपतात आणि उकाड्यात आम्हाला उठवून लावतात."

सैन्यात गेला तेव्हा त्याने केलेल्या काही काचा कपाटात तशाच राहिल्या. शरद ऋतूत दक्षिणेकडे त्याची चिलखती गाडी पेटली. बगलेत आणि मांडीच्या आत तेवढी कातडी शाबूत होती. इस्पितळातले सर्जन झेनोन यांनी या नव्या उपायाच्या परवानगीसाठी जिवाचं रान केलं, आणि बगलेतला नखाएवढा तुकडा प्रयोगशाळेत पेशी वाढवणाऱ्या मिरोनकडे पाठवला. मिरोनने तो नेस्तोरच्याच काचांवर वाढवला. आज तो त्याच्या छातीवर लावायचा होता. वाटेत डब्या गारठल्या असत्या तर पापुद्रे तिथेच सुटून, चुरगळून पाण्यात तरंगले असते.

"जा," मिरोन म्हणाला. "त्या गाढवाला सांग, म्हाताऱ्याने विचारलंय."

ट्राम रस्त्यात जिथल्या तिथे उभ्या होत्या, दारं उघडी, आत कुणी नाही. दुकानांसमोर छोटे जनरेटर खडखडत होते. फरसबंदीवर बर्फाचा पातळ चिखल होता. ओरिस्लावा दोन्ही हात पोटावर धरून कडेकडेने, भिंतीला धरून चालत होती. ऑपेरागृहाच्या अलीकडे हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला. तिने न ऐकल्यासारखं केलं, पण कोपऱ्यावरच्या पोलिसाने तिचा कोपर धरला आणि एका शाळेच्या तळघराकडे वळवलं.

"मला इस्पितळात जायचंय."

"रस्त्यात पडलात तर आम्हीच नेऊ. आत व्हा, काकू."

तळघरात बाकांवर बायका बसल्या होत्या. मेणबत्त्या होत्या, पण थंडी हाडात शिरत होती. फरचा जुना कोट घातलेल्या एका जाड बाईने ओरिस्लावाच्या पोटाकडे, मग तिच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं.

"कितवा महिना?" तिने विचारलं. दोघी-तिघी फिसकन हसल्या. "नवऱ्याची कमाल आहे हो!"

ओरिस्लावालाही हसू आलं, पण डब्यांच्या आठवणीने तिने ते दाबलं. "एका भाजलेल्या मुलाची कातडी आहे," ती म्हणाली. "वाढवलेली. उबेत ठेवावी लागते."

त्या जाड बाईने आपल्या कोटाची बटणं काढली, सरकून ती ओरिस्लावाला अगदी खेटून बसली आणि कोटाचा अर्धा भाग तिच्या पुढून ओढून घेतला. "ए, तू त्या बाजूने ये," तिने दुसरीला दरडावलं. "आणि तो हिटरचा डबा कुठाय?"

"हिटर नको. फार गरमही चालत नाही."

"मग आम्हीच बऱ्या," बाई म्हणाली.

धोका टळल्याचा भोंगा होईपर्यंत तिघी तशाच बसून राहिल्या. त्या मुलाचं नाव कुणी विचारलं नाही. ओरिस्लावालाही वाटलं, नाव न घेतलेलंच बरं.

इस्पितळाच्या जिन्यात जनरेटरचा वास भरला होता. तिसऱ्या मजल्यावर डॉ. झेनोन दारातच भेटले. शस्त्रक्रियेचे कपडे त्यांच्या अंगावर नव्हते.

"बसा, बाई."

"बसायला वेळ कुठाय? चारही शाबूत आहेत. वाटेत तळघरात अडकले, पण ऊब गेली नाही. थिएटर तयार आहे ना?"

"बाई."

ती थांबली.

"सकाळीच," झेनोन म्हणाले. "रक्तात संसर्ग गेला होता, तुम्हाला ठाऊकच आहे. किडन्यांनी हात टेकले. फोन लावत होतो, लागत नव्हता. माणूस पाठवणार होतो, तेवढ्यात गाडीभर जखमी आले."

ओरिस्लावाचे हात पोटावर तसेच होते. "मग हे आता कुणाकडे द्यायचं?" तिने विचारलं. चुकीच्या पत्त्यावर आलेल्या माणसाने विचारावं तसा तिचा आवाज निघाला.

झेनोन यांनी मान वळवून व्हरांड्याच्या टोकाकडे पाहिलं. तिथे बाकावर नेस्तोरची आई बसली होती. स्तेफानियाची अख्खी नोकरी रात्रीच्या गाड्यांमध्ये गेली होती. डब्यातल्या प्रवाशांना चादरी द्यायच्या, चहा द्यायचा, ज्याचं स्टेशन आलं त्याला उठवायचं. मुलगा इथे आल्यापासून ती स्ट्रिय गावातलं घर बंद करून याच बाकावर राहत होती. पायाशी कापडी पिशवी होती. डोळे कोरडे होते.

ओरिस्लावा तिच्या शेजारी बसली.

"आणलंत?" स्तेफानियाने विचारलं.

"हो."

"जिवंत आहे?"

खोटं बोलायची तिची तयारी होती, पण जीभ वळली नाही. "हो."

"असं किती वेळ राहतं?"

"ऊब असेल तोवर. नवं पाणी घातलं, खाऊ घातलं, तर आणखी काही दिवस."

"खायला लागतं त्याला?"

"साखर लागते. मीठ. बाकी पुष्कळ काही."

स्तेफानियाने मान हलवली, जणू हे तिला आधीपासून माहीत होतं. मग ती उठली. "द्या इकडे."

सिस्टरांच्या खोलीत ओरिस्लावाने शाल सोडली. स्तेफानियाने ब्लाउजची बटणं काढली आणि एकेक डबी हातात घेऊन स्वतःच्या पोटावर ठेवली. ओरिस्लावाने तिच्याभोवती शालीचे वेढे दिले, मिरोनने दिले होते तसे, फक्त श्वास सोड म्हणाली नाही.

"गार नाहीत," स्तेफानिया नवल करत म्हणाली.

"माझ्या अंगावर होत्या."

दोघी परत बाकावर येऊन बसल्या. स्तेफानियाचा तळवा शालीवरून हळूहळू फिरत होता.

"पोटात होता तेव्हा लाथा मारायचा," ती म्हणाली. "गाडीत उभं राहू द्यायचा नाही मला. हे काहीच करत नाही."

ओरिस्लावाने खाली पाहिलं. फरशीवर कुणाच्या तरी बुटांचा चिखल वाळला होता. तिने तो नजरेने घासून काढला, पुन्हा पुन्हा.

थोड्या वेळाने झेनोन यांनी तिला खुणेने बाजूला बोलावलं. ते भिंतीला टेकून बोलत होते. "सकाळी जे आले त्यात एक लुक्यान नावाचा पोरगा आहे. पाठ आणि दोन्ही दंड पार भाजलेत. त्याच्या अंगावरून काढून लावावी इतकी कातडी उरलेली नाही, आणि आमच्याकडे झाकायला काही नाही. दुसऱ्याची टिकत नाही, मला माहीत आहे. पण थोडे दिवस झाकलं गेलं तर तो तग धरेल. तोवर तुम्ही त्याची स्वतःची वाढवाल. तुम्ही नेस्तोरच्या आईंना विचारून बघता?"

"मला नाही विचारता येणार."

"मलाही नाही."

"कुजबुजू नका," स्तेफानिया बाकावरून म्हणाली. "बंद दाराआडचं ऐकण्यातच जन्म गेलाय माझा. कोण आहे तो?"

झेनोन यांनी सांगितलं.

"त्याची आई कुठाय?"

"बेर्द्यान्स्कला. शहर शत्रूच्या ताब्यात आहे, तिकडून यायला वाट नाही. तिला अजून कळलेलंही नसणार."

"आणि हे लावलं तर चिकटेल त्याला?"

आता ओरिस्लावालाच बोलावं लागलं. "चिकटेल. पण काही आठवडेच. अंगाला परकं कळतं. त्याची स्वतःची कातडी आली की हे गळून पडेल."

"गळून पडेल," स्तेफानिया म्हणाली. तिने दोन्ही हात शालीवर घट्ट धरले आणि तिचा आवाज एकदम चढला. "नाही देणार. सकाळपासून माझ्याकडून सगळे नुसतं घेताहेत. त्याचे कपडे घेतले, पलंग घेतला, लगेच दुसऱ्याला दिला. आता एवढंच आहे माझ्यापाशी. मला नका सांगू कुणाची आई कुठाय ते."

"बरोबर आहे तुमचं," झेनोन म्हणाले आणि आत निघून गेले.

ती उठून खिडकीशी गेली. तिथून परत फिरली. वॉर्डाच्या दाराशी जाऊन तिने काचेतून आत पाहिलं, मग दार ढकलून आतच गेली. सिस्टरने तिला अडवलं नसावं. ओरिस्लावा बाकावरच्या तिच्या पिशवीवर हात ठेवून बसून राहिली. पिशवीत बोर्श्टची, बिटाच्या सूपची, बरणी होती, झाकण न उघडलेली.

स्तेफानिया बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा रागाने लाल झाला होता.

"आई आई करतोय तो," ती म्हणाली. "मघापासून. कुणी ओ द्यायला नको?"

आणि तिथेच व्हरांड्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, ती ब्लाउजची बटणं काढू लागली.

पापुद्रे सोडवायला ओरिस्लावाच हवी होती. झेनोन यांच्या माणसांनी हे आधी कधी केलं नव्हतं. तिने हात धुतले, झगा घातला, डब्या पोलादी टेबलावर मांडल्या, आतलं पाणी काढून गार पाणी घातलं आणि वाट पाहिली. आधी कडा पांढुरक्या झाल्या. मग एका बाजूने पापुद्रा उचलला गेला, आत हवा शिरल्यासारखा हलला आणि हलकेच सुटला. दुसरा. तिसरा. चौथा. एकही फाटला नाही, कुठे भोक पडलं नाही. एवढ्या वर्षांत इतकं नेटकं सुटताना तिने पाहिलं नव्हतं. सवयीने तिने मान वर केली, शेजारी उभ्या असणाऱ्याला "बघितलंस का?" म्हणायला. शेजारी एक अनोळखी सिस्टर चिमटा धरून उभी होती.

"छान सुटलं," सिस्टर मास्कमधून म्हणाली.

"हो," ओरिस्लावा म्हणाली. "त्याचं काम चांगलंच असायचं."

नंतर ती रिकाम्या डब्या घेऊन नळाशी गेली. काचा पुन्हा वापरायच्या नव्हत्या, तरी ती त्या धूत राहिली. पाणी बर्फासारखं होतं. बोटं बधिर झाली तेव्हा तिने नळ बंद केला आणि सिंकची कड धरून उभी राहिली. कुणीतरी दार उघडलं, तिला पाहिलं आणि परत लावून घेतलं.

नेस्तोरला स्ट्रियला पुरलं. सगळा गाव रस्त्याच्या दुतर्फा गुडघ्यावर बसला होता. मिरोन डॉक्टरांचं न ऐकता टेकडीवरच्या दफनभूमीपर्यंत चढला, आणि उतरताना त्याने ओरिस्लावाच्या खांद्याचा आधार घेतला.

नववा दिवस उलटला आणि स्तेफानिया इस्पितळात परत आली. कुणी बोलावलं नव्हतं. ती लुक्यानच्या पलंगाशी स्टूल घेऊन बसली. त्याला पालथं झोपवलेलं असे, चेहरा एका बाजूला. ती त्याला चमच्याने भरवायची, तो मीठ कमी आहे म्हणून कुरकुरायचा.

"घरी तुझी आई जास्त घालत असेल. किडन्या बिघडतील," ती म्हणायची.

"मावशी, तुमचा कोण आहे इथे?" त्याने एकदा विचारलं.

"होता. आता घरी गेला."

लुक्यानला वाटलं, बरा होऊन गेला. "नशीबवान," तो म्हणाला. तिने त्याचं तोंड पुसलं.

ओरिस्लावा दर दोन-तीन दिवसांनी येई. लुक्यानच्या पेशी मिरोन वाढवत होता. प्रयोगशाळेला आता जनरेटर मिळाला होता. कपाटात नेस्तोरच्या काचा उरल्या नव्हत्या, म्हणून लव तिने स्वतः उगवली. पहिली खेप फुकट गेली. दुसरी धरली. स्तेफानिया त्याबद्दल कधी विचारत नसे. लुक्यानच्या पाठीवरच्या पट्टीकडे मात्र ती सतत बघत असे, आणि कुणी जवळ नाही असं पाहून तळहात पट्टीच्या वर, न टेकवता, धरून ठेवी.

एका दुपारी ओरिस्लावा निघाली तेव्हा ती जिन्यापर्यंत पोचवायला आली.

"मास्तरीणबाई," ती म्हणाली. कठड्यावरचा रंग ती नखाने खरवडत होती. "तुमच्या त्या नव्या डब्या... घाई नाही ना त्यांना?"

ओरिस्लावाने दोन पायऱ्या खालून वर पाहिलं. डब्या तयार होत्या. मिरोनने सकाळीच सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सांगितलं होतं, आता थांबवलं तर वाया जातील. एक-दोन दिवस सांभाळता आलंही असतं. मिरोनला तिने सांगितलं असतं तर त्याने कारण विचारलं नसतं.

"झाल्यात," ती म्हणाली.

स्तेफानियाचं नख थांबलं.

"मग आणा की," ती म्हणाली. "पोराला किती दिवस पालथं पाडून ठेवायचं?" आणि वळून भराभर वॉर्डात गेली.

दुसऱ्या दिवशी पट्टी उघडली तेव्हा दोघी तिथे होत्या. झेनोन खारट पाणी टाकत कापसाची जाळी थोडी थोडी सोडवत होते. जाळीला चिकटून पिवळसर, जुन्या कागदासारखे पातळ पापुद्रे निघत होते. खाली पाठ ओलसर आणि लाल होती, पण स्वच्छ. कुठे पू नव्हता. कडांना गुलाबी रेघ धरली होती.

"वा," झेनोन म्हणाले. "याने पाठ राखली."

सिस्टरने जाळी ट्रेमध्ये ठेवली, तिच्यावर दुसरी ठेवली. स्तेफानिया बघत होती. सिस्टरच्या ते लक्षात आलं आणि ट्रे हातात घेऊन ती घुटमळली.

"हे... जाळायला जातं," ती हळूच म्हणाली. "तुम्हाला हवं असेल तर..."

झेनोन यांचे हात थांबले. ओरिस्लावा नव्या डब्यांजवळ उभी होती. झाकणावरचं बोट तिने काढलं नाही.

"मावशी," लुक्यान उशीत तोंड घालून म्हणाला, "काठाला खाजतंय हो. भयंकर. जरा खाजवा ना."

"गप पड," स्तेफानिया म्हणाली. तिने त्याची बोटं आपल्या हातात घट्ट धरली. "खाजतंय म्हणजे धरतंय. हात लावायचा नाही."

तिने ट्रेकडे पुन्हा पाहिलं नाही. सिस्टर क्षणभर उभी राहिली आणि मग दाराकडे निघाली. ओरिस्लावा वाटेतच होती. ती बाजूला झाली, आणि ट्रे तिच्या समोरून बाहेर गेला.